चाकूच्या पोलादाचे घटक-विश्लेषण : 'वूट्झ'च्या संशोधनाचा मागोवा

चाकूचे पाते कशाचे आहे, या प्रश्नाला 'पोलादाचे' एवढे उत्तर पुरत नाही. पोलाद हा लोह व कार्बन यांचा मिश्रधातू होय. कार्बन वाढला की पाते कठीण होते, तसेच ठिसूळही होते. अन्य मूलद्रव्ये त्यात किती आहेत आणि ती कशी वसली आहेत, यावरही धार अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न दक्षिण भारतात मुशीत तयार होणाऱ्या 'वूट्झ' पोलादाच्या संदर्भात तपासला आहे. या पोलादाचे पृथक्करण युरोपात दोन शतकांहून अधिक काळ चालू आहे आणि प्रत्येक पिढीला त्यात निराळेच काही आढळले आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतील वैद्य हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. त्यावर जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे! वस्तुतः नमुने मुंबईहून रवाना झाले होते एवढेच. या पोलादाच्या भट्ट्या आजच्या कर्नाटक, तमिळनाडू व तेलंगण या भागांत होत्या. नमुन्याचे मूळ स्थान गृहीत धरण्याची ही चूक किरकोळ नव्हे, हे पुढे दिसून येईल. पिअर्सन यांच्या सांगण्यावरून लंडनचे कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी त्यातून लेखणी तासण्याचा चाकू घडविला आणि त्याची धार उत्तम पोलादी चाकूच्या तोडीची ठरली.

लोहाराचे पुत्र असलेल्या मायकेल फॅरडे यांनी १८१९ मध्ये वूट्झचे पृथक्करण केले. त्यांना त्यात अ‍ॅल्युमिनियम व सिलिकॉन यांचे अंश आढळले आणि गुणाचे रहस्य अ‍ॅल्युमिनियममध्ये असावे असे त्यांना वाटले. हा तर्क पुढे टिकला नाही. मात्र त्याचा पाठपुरावा करताना फॅरडे व स्टोडार्ट यांनी चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम इत्यादी धातू पोलादात मिसळून पाहिले, आणि मिश्रधातू-पोलादाच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया त्यातून घातला गेला. चुकीच्या निष्कर्षाला इतके चांगले फळ क्वचितच आले असेल. पॅरिसच्या टांकसाळीतील ब्रेआं यांनी त्याच दशकात अनेक प्रयोगांअंती कार्बनच्या आधिक्याकडे बोट दाखविले, आणि ते बरोबर होते. वूट्झमध्ये कार्बन सुमारे दीड टक्का असतो.

तरीही एक प्रश्न उरला. तेवढाच कार्बन घातलेल्या पोलादावर वूट्झच्या पात्यावरील लाटांसारखी नक्षी उमटेना. १९९८ मध्ये अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हेन व पाते घडविणारे कारागीर आल्फ्रेड पेंड्रे यांनी सहकाऱ्यांसह याचे स्पष्टीकरण मांडले. धातुकात निसर्गतःच असलेले व्हॅनेडियमसारखे मूलद्रव्य, कधी टक्क्याच्या शतांशाहूनही कमी प्रमाणात, मुशीतील रस गोठताना ठरावीक पट्ट्यांत साचते. पुढे वारंवार तापवून ठोकताना लोह-कार्बनचे कठीण कण, म्हणजे सिमेंटाइट, त्या पट्ट्यांच्या आश्रयाने रांगेत बसतात आणि नक्षी दिसू लागते. त्यांनी केवळ आकडे दिले नाहीत, तशी पाती घडवून दाखविली. म्हणजे धातुक कोणत्या खाणीतले, हा प्रश्न रासायनिकही ठरतो. जुन्या खाणी संपल्याने ही विद्या लोपली असावी, असा त्यांचा तर्क आहे. तो सर्वमान्य नाही, परंतु विचारार्ह आहे.

आज दुकानातील चाकूच्या पोलादात क्रोमियम किती आहे, हे हातात धरण्याजोगे क्ष-किरण यंत्र काही क्षणांत सांगते. गंज न धरणाऱ्या पोलादासाठी ते प्रश्नाचे निम्मे उत्तर झाले. उरलेले निम्मे, म्हणजे कार्बन, त्या यंत्राला दिसत नाही, कारण इतक्या हलक्या मूलद्रव्याचे किरण फार क्षीण असतात. त्यासाठी ठिणगी पाडून वर्णपट घ्यावा लागतो किंवा तुकडा जाळावा लागतो, आणि दोन्हींत पात्याला इजा होते. पाण्याची प्रक्रिया कशी झाली, हे तर कोणत्याही टक्केवारीत येत नाही. त्यासाठी पाते कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागते. संग्रहालये याला सहसा राजी होत नाहीत. व्हर्होव्हेन यांच्या अभ्यासाला आधार मिळाला तो हेन्री मोझर यांच्या संग्रहातील पात्यांमुळे. त्यांचे तुकडे त्सोक्के यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी कापून घेतले होते आणि ते तेव्हापासून जपून ठेवलेले होते.