गळकाठी (सागरी)

गळकाठी म्हणजे गळ, दोरा आणि रीळ यांच्या साहाय्याने मासा धरण्यासाठी वापरली जाणारी लवचीक व निमुळती काठी होय. बोलण्यात हिला सरसकट ‘रॉड’ म्हणतात. कोकणात गळाने मासे धरण्यास ‘गरवणे’ व गळास ‘गरी’ असे जुने शब्द आहेत, आणि ते अद्याप वापरात आहेत. समुद्रात, खाडीच्या मुखाशी किंवा खडकाळ किनाऱ्यावर वापरावयाच्या काठीस सागरी गळकाठी म्हणतात. गोड्या पाण्यातील काठीहून तिच्यावर दोन संकटे अधिक येतात: एक, मोठा मासा व जड शिसे यांचा ताण, दुसरे, मीठ. पवनेच्या काठी कासारवाडीत किंवा एखाद्या धरणाच्या जलाशयावर अनेक वर्षे टिकलेली काठी मुरूड वा हर्णैच्या किनाऱ्यावर नेली, की तिच्या कड्या गंजू लागतात आणि रीळ बसवण्याची जागा पांढरी पडू लागते. काठी मुळात वाईट असते असे नाही. ती त्या पाण्यासाठी बनवलेली नसते.

साहित्य

सर्वांत जुनी काठी बांबूची. सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर लावला जाणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे वाकवला तरी तो चपटा होऊन फुटत नाही. बांबूचा खरा शत्रू मीठ नसून कीड आहे. त्यातील पिष्टमय अंशासाठी भुंगेरे तो पोखरतात, म्हणून तोडलेला बांबू काही काळ पाण्यात भिजवून मग सावलीत वाळवण्याची पद्धत आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील कारागीर बांबूच्या त्रिकोणी तासलेल्या सहा पट्ट्या एकमेकींस चिकटवून काठी करीत. त्यासाठी आरंभी भारतातून जाणारा, ‘कलकत्ता केन’ नावाने ओळखला जाणारा बांबू वापरला जाई. पुढे दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू व राळ यांच्या मिश्रणाची काठी आली. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ज्या पदार्थाला कामगार ‘एफआरपी’ म्हणतात, तोच हा पदार्थ. कार्बन तंतूचा विकास १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत झाला आणि १९७३ च्या सुमारास अमेरिकेतील फेनविक कंपनीने त्याची काठी बाजारात आणली.

दोहोंतील फरक आकड्यांवरून स्पष्ट होतो. नेहमीच्या काचतंतूचा ताठरपणा सुमारे ७२ गिगापास्कल असतो, तर सामान्य प्रतीच्या कार्बन तंतूचा सुमारे २३० गिगापास्कल. शिवाय कार्बन वजनाने हलका. परंतु तुटण्यापूर्वी काचतंतू आपल्या लांबीच्या चार टक्क्यांहून अधिक ताणला जातो, कार्बन मात्र दीड-दोन टक्क्यांतच तुटतो. म्हणजे कार्बनची काठी हलकी, चपळ व संवेदनशील खरी, पण तिला चूक खपत नाही. अनेक निर्माते दोन्ही तंतूंचे थर एकत्र वापरतात. नवशिक्याने किनाऱ्यावर वापरण्यासाठी अशी मिश्र किंवा निव्वळ काचतंतूची काठी घेणे शहाणपणाचे ठरते. ‘हाय मॉड्युलस’ असे छापलेली महागडी काठी अधिक मजबूत असते ही समजूत चुकीची आहे. तेथे ‘मॉड्युलस’ म्हणजे ताठरपणा, बळकटी नव्हे.

काठी का मोडते

आधुनिक काठी ही आतून पोकळ नळी असते. तिच्या कोणत्याही बिंदूवर येणारे वाकवणारे बल दोन गोष्टींवर अवलंबून असते: दोऱ्यातील ताण, आणि त्या बिंदूपासून दोऱ्याच्या रेषेपर्यंतचे लंबांतर. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर तेवढ्याच वाकवणाऱ्या बलाने तिच्यातील ताण चौपट होतो. म्हणून शेंडा दुर्बल आणि बूड बळकट. काठी योग्य कोनात धरली असता शेंडा दोऱ्याच्या दिशेने सरळ होतो, त्याच्यावर फारसा भार राहत नाही आणि माशाचे ओझे बुडाकडील जाड भाग उचलतो. काठीच्या रचनेचे सारे रहस्य येथे आहे.

मासा पायाशी आला की हौशी माणूस उत्साहाने काठी डोक्यामागे नेतो. त्याबरोबर दोरा शेंड्यावरून दुमडून खाली येतो, शेंड्याला सरळ होण्यास वाव राहत नाही आणि सगळा बाक वरच्या वीतभर भागात एकवटतो. शेंडा तेथेच तुटतो. मासा जाळीत न घेता काठीनेच खडकावर उचलून घेणे हाही याच चुकीचा प्रकार. पाण्यात मासा बराचसा तरंगता असतो. पाण्याबाहेर आल्यावर तीन किलोचा तांबोशी पुरा तीन किलो भरतो आणि वर तडफडतो.

नळी वाकताना तिच्या बाहेरच्या बाजूस ओढ व आतल्या बाजूस दाब पडतो. कार्बन ओढ चांगली सोसतो, दाब तितका सोसत नाही. शिवाय वाकलेली नळी चपटी होऊ पाहते. तिला गोल ठेवण्यासाठी आडवे तंतू गुंडाळलेले असतात. खडकावर आपटून किंवा शिशाचा फटका बसून या थरांत सूक्ष्म तडा गेला, तर वरून काहीही दिसत नाही. काठी त्या दिवशी मोडत नाही. ती महिन्याभराने, एखाद्या लहानशा माशावर मोडते, आणि मग विक्रेता व ग्राहक यांच्यात दोष कोणाचा यावरून वाद होतो. उत्पादनातील दोषाने मोडणारी काठी बहुधा पहिल्या काही वापरांतच मोडते.

दोऱ्यातील बदलानेही मोडतोड वाढली आहे. नायलॉनचा तंगूस बराच ताणला जातो आणि झटका शोषून घेतो. विणीचा दोरा जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे सारा झटका काठीवर येतो. हा मऊ दोरा शेंड्याच्या कडीभोवती गुंडाळला जातो व लक्षात न आल्यास फेकीच्या जोरात शेंडाच घेऊन जातो. काठीवर ग्रॅममध्ये छापलेली फेकीची मर्यादा याच कारणाने पाळावी लागते. गळ खडकात अडकल्यास काठीने हिसके देऊ नयेत. काठी दोऱ्याच्या रेषेत सरळ धरून, दोरा लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळून मागे सरावे. उघड्या हाताभोवती गुंडाळलेला विणीचा दोरा बोट कापतो.

मोडलेली जागा पाहून कारण बरेचसे ओळखता येते. शेंडा तुटला असेल तर धरण्याचा कोन चुकला, किंवा गाडीच्या दाराने घात केला. सांध्याजवळ उभी चीर गेली असेल तर दोन भाग पुरते बसवलेले नव्हते. मुठीजवळचा भंग मात्र खऱ्या अतिभाराचा, आणि तो क्वचितच आढळतो.

खारे पाणी

राळ आणि कार्बन गंजत नाहीत. गंजतात ते धातूचे भाग. पोलादाच्या कड्यांवरील संरक्षक थराला क्लोराइड ठिकठिकाणी भोके पाडते. त्यामुळे सागरी काठीवर ३१६ प्रतीचे स्टेनलेस पोलाद किंवा टायटॅनियम वापरतात. ॲल्युमिनियमचे रीळ-आसन कार्बनला टेकले व मध्ये खारे पाणी शिरले, की विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. कडीतील चिनी मातीसारखे कठीण कडे तडकले तर ते दोरा कापते. ही तड डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा आतून फिरवल्यास तंतू अडकतो.

घरी आल्यावर काठी साध्या गोड्या पाण्याने धुवावी, पण जोराच्या फवाऱ्याने नव्हे, कारण त्याने मीठ कड्यांच्या पायांखालील गुंडाळीत अधिक आत ढकलले जाते. सांधे उघडून पुसावेत, मेणबत्तीचे मेण हलके घासावे आणि पूर्ण वाळल्यावरच काठी खोळीत घालावी. ओल्या खोळीत ठेवलेली काठी समुद्रात भिजलेल्या काठीपेक्षा लवकर खराब होते.

धोके

कार्बन विजेचा वाहक आहे. तीन-चार मीटरची जोडलेली काठी खांद्यावर घेऊन रेल्वेच्या फलाटावर उभे राहणे किंवा शेतातील विजेच्या तारांखालून जाणे जिवावर बेतू शकते. कासारवाडी स्थानकासारख्या विद्युतीकृत मार्गावरील कोणत्याही स्थानकात काठी सुटी करून खोळीतच न्यावी. ढगांचा गडगडाट ऐकू येताच ती खाली ठेवून किनारा सोडावा. मोडलेल्या कार्बनची टोके सुईसारखी कातडीत शिरतात, व दुरुस्तीसाठी घासताना उडणारी धूळ नाकात जाऊ नये म्हणून मुखपट्टी वापरावी लागते.

दुरुस्ती

तुटका शेंडा थोडा आखूड करून त्यावर नवी कडी बसवता येते. काठी किंचित ताठर होते, एवढेच. मधला भंग आतून घट्ट बसणारी नळी घालून व बाहेरून तंतू आणि राळ गुंडाळून सांधतात, तथापि त्या जागी काठी पूर्वीसारखी वाकत नाही. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा-मासेमारी संघटनेच्या नियमांनुसार काठीचा पुढील भाग किमान ४० इंच (१०१.६ सेंमी) असावा लागतो. मासा खेळवताना काठी मोडून तिची लांबी या मर्यादेखाली गेली, किंवा तिचा मूळ गुणधर्म बिघडला, तर मासा हाती येऊनही तो विक्रमासाठी ग्राह्य धरला जात नाही.