मराठी नावांची अकारविल्हे मांडणी आणि पोस्टग्रेस डेटाबेसची गती

महाविद्यालयाची प्रवेशयादी असो, ग्रंथालयाची सूची असो वा परीक्षेची बैठकव्यवस्था, संगणकाला वारंवार दिली जाणारी आज्ञा एकच असते : नावे अकारविल्हे लावा. नावे मराठीत असली की या साध्या आज्ञेत गती आणि अचूकता यांचा झगडा सुरू होतो. पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

एक लाख नावे क्रमाने लावण्यास ढोबळमानाने १७ लाख तुलना कराव्या लागतात. साहजिकच एकेक तुलना किती स्वस्तात होते, यावर बरेच अवलंबून असते. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीने यासाठी एक युक्ती आणली. तिला आपण ‘संक्षिप्त कळ’ म्हणू. संपूर्ण नाव न वाचता आठ बाइटांची कळ एखाद्या संख्येप्रमाणे ताडून पाहावयाची. कळा भिन्न असल्यास निकाल तेथेच लागतो, समान असल्या तरच पूर्ण नाव उघडावयाचे. निव्वळ बाइटांच्या क्रमाने, म्हणजे ‘सी’ क्रमनियमाने तुलना होत असेल तेव्हा नावाचे पहिले आठ बाइट हीच ही कळ असते. रोमन लिपीत त्यात आठ अक्षरे मावतात.

देवनागरीचे तसे नाही. यूटीएफ-८ पद्धतीत तिचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. आणि काना, मात्रा, अनुस्वार ही सारी स्वतंत्र चिन्हेच धरली जातात. आपल्या परभणी जिल्ह्यातील पालम व पाथरी ही दोन तालुक्यांची नावे घेऊ. ‘प’ आणि काना यांतच सहा बाइट संपतात. उरलेल्या दोन जागी ‘ल’ किंवा ‘थ’ यांचे पहिले दोन बाइट येतात. परंतु ‘क’पासून ‘ह’पर्यंत सर्व व्यंजनांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात. परिणामी दोन्ही गावांच्या कळा तंतोतंत जुळतात! पाटील, पारवे, पाचपुते ही आडनावेही त्याच गर्दीत सापडतात. कळांचा लाभ होत नाही असे दिसल्यास पोस्टग्रेस ही युक्ती मध्येच सोडून देतो.

याहून गंभीर प्रश्न अचूकतेचा आहे. युनिकोडने ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसविले आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे ‘सी’ क्रमाने काळे हे आडनाव कासारच्या आधी लागते. जिल्ह्यातील नऊ तालुक्यांच्या नावांवर चाचणी घेतली तर ही चूक दिसणारही नाही, कारण त्यांपैकी एकातही ‘ळ’ नाही.

लिनक्सवर ग्लिबसीच्या भाषिक नियमांचा आधार घेता येतो. तथापि तिच्या प्रत्यक्ष तुलनेचा आणि तिने बनविलेल्या कळांचा निकाल काही वेळा जुळत नाही, असे आढळल्यावर मार्च २०१६ च्या ९.५.२ आवृत्तीत त्या नियमांपुरती संक्षिप्त कळ बंद करण्यात आली. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून मिळणारा आयसीयूचा मराठी क्रमनियम हा अधिक चांगला मार्ग होय. तो ‘ळ’ योग्य जागी ठेवतो आणि संक्षिप्त कळही वापरू देतो. बाइटांच्या तुलनेपेक्षा तो महाग पडतो, हे खरे. म्हणून माणसांनी वाचावयाच्या याद्यांनाच तो लावावा व त्या स्तंभावर त्याच नियमाचा इंडेक्स बांधावा, म्हणजे क्रम आयताच मिळू शकतो. केवळ गट पाडणे किंवा तक्ते जोडणे यांसाठी ‘सी’ पुरेसा आहे.

स्मृतीची मर्यादाही पाहावी. ‘वर्क-मेम’चे मूळ मूल्य ४ मेगाबाइट असते, यादी त्यात न मावल्यास मांडणी डिस्कवर जाते. ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ ही आज्ञा ते दाखविते. मात्र हे मूल्य सर्वांसाठी सरसकट वाढवू नये, कारण एकाच वेळी चालणारी प्रत्येक मांडणी तेवढी जागा मागू शकते.

क्रमनियम बदलला की जुना इंडेक्स निरुपयोगी ठरू शकतो, हे प्रणाली अद्ययावत करताना हमखास विसरले जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसीच्या २.२८ आवृत्तीने अनेक भाषांचे क्रम बदलले, तेव्हा असे इंडेक्स बिघडले. असा इंडेक्स नव्याने बांधेपर्यंत तक्त्यात असलेले नावही शोध घेतल्यावर सापडेलच असे नाही.