कथाबीज म्हणजे काय?

कादंबरी वाचून झाली की बरेच वाचक विचारतात, ‘हे खरंच घडलं का?’ त्यामागे एक समज असतो. लेखकाला एखादी घटना सापडते आणि तो ती फक्त लिहून काढतो. सापडतं ते मात्र कथाबीज (ज्या लहानशा गोष्टीपासून कथा वाढू लागते ती). एखादा माणूस, ऐकलेलं वाक्य, ओसाड पडलेली वाडी, काहीही.

हे बीज विरजणासारखं असतं. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध विरजतं, पण दूध कोमट असावं लागतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो. लेखकाचं दूध म्हणजे त्याची वर्षानुवर्षांची निरीक्षणं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) घ्या. माडगूळकर माणदेशात वाढले, तरुणपणी काही काळ शिक्षकही होते. कादंबरीतला राजाराम औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर मास्तर म्हणून येतो, मुलं गोळा करतो, गावाकडून तालीम बांधून घेतो. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. माणसांची बोली, मेंढरं, कोरडं रान ही सगळी लेखकाच्या ओळखीची. तरीही राजाराम म्हणजे माडगूळकर नव्हेत. काय ठेवायचं, काय गाळायचं आणि गोष्ट कुठे थांबवायची हे अनुभव ठरवत नाही, लेखक ठरवतो. माझ्या मते खरी निर्मिती इथेच होते.

म्हणून कादंबरी वाचताना ‘हा खरा कोण?’ यापेक्षा ‘लेखकाने याला असं का घडवलं?’ हे विचारून पाहा.