दूधभात न खाणारी पाहुणी

आमच्या विंचुरास दिवेलागणीनंतर भिंतीवर पाल दिसत नाहीं असें घर विरळाच. ती अंगावर पडली कीं पंचांगांतील पल्लीपतनाचें पान शोधलें जातें. अशा प्राण्यास जेवूं घालण्याचा प्रसंग गेल्या पावसाळ्यांत आमच्यावर आला.

मांजराच्या पंजानें शेपूट तुटलेली एक पाल आमच्या पुतण्यानें कांचेच्या पेटींत आणून ठेविली. मातोश्रींनीं बशींत दूधभात कालवून दिला. तो तीन दिवस तसाच वाळला. सांडलेली साखर पाल क्वचित् चाटते हें खरें, परंतु तिचें पोषण किड्यांवरच होतें, आणि तेही जिवंत, हालचाल करणाऱ्या. मेलेली माशी पुढ्यांत ठेविली तरी ती बहुधा ढुंकूनही पाहत नाहीं. शिवाय पालीच्या शेपटींत चरबीचा सांठा असतो. आमच्या पाहुणीची ती शिदोरीच हरवली होती.

"घरांत जीवहत्या नको," असें मातोश्रींचें म्हणणें. "मग पाल मरूं द्यावी काय?" हा पुतण्याचा प्रश्न. आमच्याजवळ त्यास उत्तर नव्हतें, आजही नाहीं. अखेर मुलानें परसांतून रातकिडे धरून आणिले, आणि मातोश्री त्या वेळीं देवघरांत जाऊन बसूं लागल्या.

बिबट्यासारख्या ठिपक्यांची एक पाल परदेशांत पुष्कळ लोक हौसेनें पाळतात. त्यांचे नियम आम्हांस उपयोगी पडले. किडा पालीच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. जेवण सायंकाळीं द्यावें. उरलेले रातकिडे रात्रभर पेटींत ठेवूं नयेत. भुकेले झाले कीं ते उलट पालीसच चावतात. पाणी वाटींत देण्यापेक्षां कांचेवर शिंपडावें. ती थेंब चाटून पिते.

खरी मेख पुढेंच आहे. रातकिड्यांत स्फुरद पुष्कळ व कॅल्शियम अल्प. केवळ त्यांवर पोसलेल्या पालीचीं हाडें मऊ पडतात, जबडा व पाय वांकडे होतात. मादीस तर अंड्यांच्या कठीण कवचासाठींही कॅल्शियम लागतें, आणि आमच्या पाहुणीच्या पातळ पोटांतून दोन पांढरीं अंडीं दिसूं लागलीं होतीं! म्हणून किड्यांस आदल्या दिवशीं गाजर व पालेभाजी खाऊं घालावी, आणि देतांना त्यांवर कॅल्शियम कार्बोनेटाची शुद्ध भुकटी किंचित् भुरभुरावी. पानाच्या डब्यांतील चुना मात्र कदापि नको. तो दाहक असतो. आमच्याकडे द्राक्षबागा पुष्कळ. फवारणी झालेल्या बागेंतील किडेही वर्ज्यच समजावे. पुतण्या प्रथम जाळें घेऊन तिकडेच निघाला होता.

महिन्याभरांत शेपटीस नवा कोंब फुटला. एके सायंकाळीं मातोश्रींनींच पेटी पडवींतील दिव्याखालीं नेऊन तिचें झांकण काढिलें. "आतां तिचें तिनें मिळवावें," एवढेंच त्या म्हणाल्या. पाल दिव्यामागच्या फटींत शिरली. चार दिवसांनीं पुतण्यास तेथें दोन अंडीं दिसलीं, आणि पुढें दोन महिने मातोश्रींनीं त्या कोपऱ्यांत केरसुणी फिरूं दिली नाहीं.