येणे आणि रुजणे : मुंबईच्या खाडीतील परका शिंपला व तापणारे ध्रुवीय समुद्र

प्रस्तावना

एखादी सागरी प्रजाती मूळ अधिवासापासून हजारो मैल दूर पोहोचणे ही घटना मानली जाते तितकी विरळ नाही. जहाज जेथे जाते तेथे त्याच्या तळाला चिकटलेले जीव जातात; जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या बॅलास्ट पाण्यातून असंख्य अंडी व डिंभकही जातात. विरळ आहे ते रुजणे. बहुसंख्य प्रवासी जीव नव्या पाण्याचे तापमान, क्षारता किंवा तेथील भक्षक यांमुळे नष्ट होतात. म्हणून ‘जीव आला कसा?’ या प्रश्नापेक्षा ‘त्याला रोखणारा अडसर कोणता होता आणि तो कशामुळे दूर झाला?’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. ध्रुवीय समुद्रांत थंडी हाच तो अडसर, आणि तो आज शिथिल होत आहे. तेथे काय घडू शकेल हे समजून घेण्यास मुंबईचा जुना अनुभव उपयोगी पडतो.

मुंबईचा अनुभव

मायटिलॉप्सिस सॅलेई हा जेमतेम इंचभर वाढणारा, काळपट पट्ट्यांचा शिंपला मूळचा कॅरिबियन समुद्र व मेक्सिकोच्या आखाताच्या परिसरातील. भारतात तो प्रथम 1967 च्या सुमारास विशाखापट्टणम बंदरात आढळला. करंदे आणि मेनन यांनी 1975 मध्ये भारतीय बंदरांतील नवागत म्हणून त्याची नोंद प्रसिद्ध केली. मुंबई बंदरातील त्याच्या वास्तव्याची चर्चा तेव्हापासून सुरू आहे. तो जहाजांच्या तळाला चिकटून आला असावा, असे सामान्यतः मानले जाते.

मुंबईच्या गोद्यांत तो रुजला याचे कारण त्याच्या स्वभावात आहे, तसेच त्या पाण्यातही आहे. पावसाळ्यात येथील किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता झपाट्याने उतरते आणि खडकांना व भिंतींना चिकटून राहणारे अनेक स्थानिक सागरी जीव मरतात. हा शिंपला मात्र जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत सर्वत्र तग धरतो. सांडपाण्यामुळे प्राणवायू घटलेले संथ पाणीही त्याला चालते. सुमारे महिनाभरात तो प्रजननक्षम होतो आणि एक मादी हजारो अंडी सोडते. थोडक्यात, पावसाने रिकामी केलेली आणि शहराने दूषित केलेली जागा त्याला आयतीच मिळते. पाहुण्याच्या आक्रमकतेइतकाच यजमानाच्या दुर्बलतेचाही विचार व्हावयास हवा; चर्चेत ही बाजू बहुधा सुटते.

घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या उपनगरांच्या पूर्वेला पसरलेली ठाणे खाडी याच बंदराची उत्तरेकडील शाखा होय. खाडीचा तळ चिखलाचा. त्यामुळे चिकटून जगणाऱ्या जीवांना पूर्वी तिवरांची मुळे आणि डोल जाळ्यांचे खुंट एवढाच आधार असे. आता वाशी व ऐरोलीच्या पुलांचे खांब आहेत, आणि जानेवारी 2024 पासून वापरात आलेल्या अटल सेतूच्या खांबांची रांग बंदराच्या पाण्यात उभी आहे. शिंपल्याच्या दृष्टीने ही नवी वसतिस्थानेच आहेत. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. पक्ष्यांच्या या कौतुकात चिखलातील व खांबांवरील अपृष्ठवंशीयांची यादी मात्र मागे पडते.

एकदा रुजलेला जीव काढता येतो काय? ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे 1999 मध्ये हाच शिंपला तीन नौकाधक्क्यांत आढळला. तेथे जलद्वारे होती; ती बंद करून पाण्यात क्लोरीन व मोरचूद मिसळण्यात आले. शिंपला नष्ट झाला, त्याबरोबर त्या पाण्यातील इतर जीवसृष्टीही गेली. ठाणे खाडीला असे द्वार नाही.

ध्रुवांकडे

मुंबईचा हा शिंपला उद्या अंटार्क्टिकात जाऊन पसरेल असे म्हणणे निराधार होय. तो उष्ण पाण्यातला जीव आहे. ध्रुवांना धोका आहे तो त्यांच्या जवळपासच्या हवामानातून, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील थंड बंदरांसारख्या ठिकाणांहून, येणाऱ्या जहाजांचा. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अंटार्क्टिकाकडे जाणारी जहाजे जगातील दीड हजारांहून अधिक बंदरांशी जोडलेली आहेत. 2019 मध्ये किंग जॉर्ज बेटाजवळ मायटिलस शिंपल्याची पिल्ले तळावर वसलेली आढळली. ती वसाहत कायम झाल्याचे दिसले नाही. तथापि पोहोचणे शक्य आहे, एवढे त्यातून सिद्ध झाले. अंटार्क्टिकाच्या उथळ तळावरील प्राणी कवच फोडणाऱ्या खेकड्यांविना लक्षावधी वर्षे उत्क्रांत झाले आहेत. अशा यजमानाला नव्या भक्षकाचा किंवा नव्या स्पर्धकाचा अनुभव नाही.

आर्क्टिकची स्थिती वेगळी आणि काहीशी गुंतागुंतीची आहे. स्वालबार्डमध्ये 2004 मध्ये निळा शिंपला सुमारे हजार वर्षांच्या खंडानंतर पुन्हा आढळला. त्याला परका म्हणावे की परतलेला? बॅरेन्ट्स समुद्रातील लाल राजखेकड्याबाबत असा संभ्रम नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात त्याला मत्स्योत्पादनासाठी मुद्दाम तेथे सोडले, आणि आज तो नॉर्वेच्या किनाऱ्यावर उत्पन्नाचे साधन व तळजीवांवरील संकट अशा दोन्ही रूपांत वावरतो. स्वालबार्डमध्येच 2008 पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे, त्याची सूत्रे गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीमही डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहूनच निघाली होती.

नियम आणि नोंदी

बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार फेब्रुवारी 2004 मध्ये मंजूर झाला व 8 सप्टेंबर 2017 रोजी अमलात आला. त्यातील अंतिम निकषानुसार सोडल्या जाणाऱ्या एक घनमीटर पाण्यात 50 मायक्रोमीटर वा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असावे लागतात. जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या जीवांबाबत मात्र 2011 ची मार्गदर्शक तत्त्वे, 2023 मध्ये सुधारली गेली तरी, ऐच्छिकच राहिली. मुंबईचा शिंपला ज्या वाटेने आला असे मानले जाते तीच वाट अशी सैल राहिली आहे.

या कराराच्या पूर्वतयारीसाठी 2000 ते 2004 या काळात राबविलेल्या ग्लोबॅलास्ट प्रकल्पाच्या जगातील सहा प्रायोगिक बंदरांत मुंबईचा समावेश होता, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्या निमित्ताने बंदरातील जीवांची पायाभूत पाहणी केली. अशी यादी नसेल तर नवा जीव नवा आहे हेच कळत नाही. केरळच्या खाऱ्या जलाशयांतील मायटेला स्ट्रिगाटा या दक्षिण अमेरिकी शिंपल्याच्या नोंदी 2019 मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्या वेळी तो तेथे मुबलक पसरला होता आणि ओळख पक्की करण्यास जनुकीय चाचणीचा आधार घ्यावा लागला. खाडीत ठरावीक खोलीवर लाकडी वा प्लास्टिकच्या पट्ट्या टांगून दर महिन्याला त्यांवर काय चिकटले ते मोजणे, ही पद्धत स्वस्त आहे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला ती झेपणारी आहे. अडचण पट्ट्यांची नसून, त्यांवरचा जीव ओळखणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञाची आहे.