धावपट्टी दिसली की विमान अडखळतं का?

संगणकावर विमान उडवण्याचा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. निदान दादाच्या किंवा ताईच्या खुर्चीमागे उभं राहून पाहिला तरी असेल! या खेळाला म्हणतात ‘फ्लाइट सिम्युलेटर’.

समजा, तुम्ही अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कला निघाला आहात. खाली निळं पाणी, वर ढग, विमान कसं डौलात चाललंय. काही तासांनी उंच इमारती दिसू लागतात. चाकं खाली येतात. समोर धावपट्टी! आणि नेमकं तेव्हाच चित्र अडखळतं. एक झटका, थोडं थांबणं, पुन्हा झटका. कधी कधी तर सगळा खेळच बंद पडतो आणि समोर उरतो नुसता डेस्कटॉप. इतक्या तासांची मेहनत पाण्यात!

समुद्रावर शहाण्यासारखं वागणारं विमान शहराजवळ येताच असं का करतं? याची कारणं बरीच असू शकतात. पण त्यातलं एक नेहमीचं कारण म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मेमरी कमी पडणं. ही काय भानगड आहे, ते आज पाहू या.

आकाशकंदिलाचा कागद

दिवाळीत आकाशकंदील कसा करता? आधी काड्यांचा सांगाडा, मग त्यावर रंगीत कागद. सिम्युलेटरमधलं विमानही तसंच असतं. आत रेषांचा सांगाडा आणि त्यावर चिकटवलेली चित्रं. या चित्रांना ‘टेक्स्चर’ म्हणतात. विमानाचा पत्रा, आतली घड्याळं, धावपट्टीवरचे पट्टे, झाडांची पानं, सगळी टेक्स्चरच.

आता थोडं गणित. एक चांगलं ठसठशीत टेक्स्चर म्हणजे ४०९६ ठिपके रुंद आणि ४०९६ ठिपके उंच. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट लागतात. गुणाकार करा बरं! उत्तर येतं ६ कोटी ७१ लाख ८ हजार ८६४ बाइट, म्हणजे ६४ मेगाबाइट. हे चित्र युक्तीने दाबून १६ मेगाबाइटमध्ये बसवता येतं. पण अशी शंभर चित्रं झाली, तरी १६०० मेगाबाइट झालेच की!

समुद्रावर पाण्याचं तेच ते चित्र पुन्हा पुन्हा वापरता येतं. न्यूयॉर्कमध्ये तसं चालत नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० हा खेळ फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या असोबो स्टुडिओने तयार केला. त्यात न्यूयॉर्कच्या इमारती विमानातून काढलेल्या खऱ्या फोटोंवरून उभ्या केल्या आहेत. म्हणजे प्रत्येक इमारतीचा कागद वेगळा! शिवाय विमानतळावरची इतर विमानं आणि गाड्या असतातच. शहर जवळ आलं की जागेची मागणी एकदम वाढते, ती यामुळे.

ओटा आणि कोठीची खोली

आई किंवा बाबा स्वयंपाक करताना लागणारे डबे ओट्यावर काढून ठेवतात. हात लांब केला की वस्तू मिळते. ग्राफिक्स कार्डाची मेमरी म्हणजे हा ओटा. संगणकाची नेहमीची मेमरी, म्हणजे रॅम, ही कोठीची खोली. ओटा भरला, तर काही डबे कोठीच्या खोलीत जातात. मग दर वेळी उठा, जा, आणा! स्वयंपाक होतो, पण रखडत.

हे रखडणं किती असतं? आरटीएक्स २०८० या कार्डाचं उदाहरण घेऊ. त्याच्या स्वतःच्या ८ गिगाबाइट मेमरीतून सेकंदाला ४४८ गिगाबाइट माहिती ये-जा करू शकते. पण रॅममधून कार्डाकडे येणारी वाट अरुंद. तिथून सेकंदाला जेमतेम १६ गिगाबाइट. म्हणजे अठ्ठावीस पट कमी!

चित्र सहज हलतं दिसायला सेकंदाला निदान ३० चित्रं हवीत. एका चित्राच्या वाट्याला येतो सेकंदाचा तिसावा भाग. पण या अरुंद वाटेने एक गिगाबाइट आणायला सेकंदाचा सोळावा भाग लागतो. तेवढ्या वेळात दोन चित्रं होऊन जायला हवी होती. तीच तर अडखळ!

आणि ओटाही भरला, कोठीही भरली तर? खेळ जागा मागतो, उत्तर येतं, “जागा नाही.” अशा वेळी काय करायचं हे खेळात नीट ठरवलेलं नसेल, तर खेळ बंद पडतो. काही खेळ शहाणपणा करून टेक्स्चर हलकी करतात. मग खेळ चालू राहतो, पण इमारती धूसर दिसतात.

१६ किलोबाइटचं आकाश

१९८२ साली मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर आला, तेव्हा आयबीएम संगणकाच्या रंगीत कार्डावर मेमरी होती फक्त १६ किलोबाइट! आज १६ गिगाबाइटची कार्डं मिळतात. ही वाढ दहा लाख पटींहून जास्त आहे. तरी ओटा अपुराच. कारण जागा वाढली की चित्रंही वाढतात. २०२० च्या खेळासाठी कंपनीने कार्डावर कमीत कमी २ गिगाबाइट मेमरी सांगितली होती. २०२४ च्या आवृत्तीला कमीत कमी ४ आणि चांगल्या अनुभवासाठी ८ सांगितली.

थोडं आई-बाबांसाठी

“नवं कार्ड घ्या ना!” असा हट्ट घरात सुरू झाला असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्या. जास्त मेमरी म्हणजे जास्त वेग नव्हे. ओटा मोठा केला म्हणून स्वयंपाक करणाऱ्याचे हात भरभर चालत नाहीत. खेळाला ६ गिगाबाइट पुरत असतील, तर ८ ऐवजी १६ चं कार्ड घेऊन फक्त मेमरीमुळे काही फरक पडणार नाही. पण ६ हवे असताना ४ चं असेल, तर मात्र हाल होतात. तेव्हा पैसे मोजण्याआधी दुखणं ओळखा.

करून पाहा

१. सिम्युलेटर खिडकीत चालू ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘जीपीयू’ निवडा. कार्डाची स्वतःची मेमरी काठोकाठ भरलेली आणि ‘शेअर्ड’ मेमरी वाढत चाललेली दिसली, तर ओटा भरलाय असं समजा.

२. आता खेळात फक्त टेक्स्चरचा दर्जा एक पायरी खाली आणा. दुसरं काहीही बदलू नका. ४०९६ ऐवजी २०४८ ठिपक्यांच्या चित्राला जागा निम्मी नव्हे, चौथा हिस्सा लागते. का बरं? चौरसाचं क्षेत्रफळ आठवा!

३. त्याच विमानाने, त्याच विमानतळावर पुन्हा उतरा. अडखळणं थांबलं, तर चोर सापडला आणि एक पैसाही खर्च झाला नाही. नाही थांबलं, तर दोष मुख्य प्रोसेसरचा, रॅमचा किंवा इंटरनेटचा असू शकतो. त्यांची तपासणीही अशीच करा, एका वेळी एकच गोष्ट बदलून. प्रयोगशाळेत आपण हेच तर करतो!