परमार्थ निवृत्तीनंतरचा? समर्थांनी असं कुठंही म्हटलेलं नाही

‘‘समर्थांनीच सांगून ठेवलंय, आधी प्रपंच, मग परमार्थ. मुलांची शिक्षणं होऊ देत, घराचे हप्ते फिटू देत, मग बसू निवांत माळ घेऊन.’’

हे मी कीर्तन संपल्यावर मंडपाबाहेर ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो. निवृत्तीच्या निरोपसमारंभात तर ते भाषणातच असतं. बोलणारा बहुधा भला माणूस असतो, श्रद्धाळूही असतो, आणि म्हणूनच जास्त राग येतो. दासबोधातली अर्धी ओवी उचलायची आणि आळसावर तुटून पडणाऱ्या त्याच ग्रंथाच्या नावावर चाळीस वर्षांची सवलत मागून घ्यायची, हा समर्थांवर अन्याय आहे. त्याहून मोठा अन्याय आपल्या स्वतःवर आहे.

मूळ जागा एकदा उघडून पाहावी. दासबोधाचे 20 दशक, प्रत्येकात 10 समास. ही ओवी बाराव्या दशकाच्या पहिल्या समासाची अगदी पहिली ओवी. प्रपंच नेटका करा, मग परमार्थाचा विवेक धरा, असं ती सांगते. पण ती तिथं संपत नाही. यात आळस करू नका, असं तिच्या शेवटीच बजावलेलं आहे. दुसऱ्या ओवीत समर्थ म्हणतात की प्रपंच टाकून परमार्थाला लागलात तर कष्टी व्हाल, दोन्ही चालवाल तरच विवेकी ठराल. पुढे प्रपंच सोडणाऱ्याला ते विचारतात, पोटाला अन्न नाही त्या करंट्याला कसला परमार्थ? लगेच दुसऱ्या बाजूलाही तितक्याच कठोरपणे सुनावतात: परमार्थ टाकून नुसता प्रपंच करशील तर यमयातना भोगशील. धन्याच्या कामावर न जाता घरात सुखानं बसून राहिलेल्या चाकराचं काय होतं, तेही तिथंच सांगितलं आहे. हा सगळा समास दोन्ही कामं एकाच आयुष्यात, एकाच दिवसात चालवण्याविषयी आहे. साठीचा, निवृत्तीचा, मुलं मार्गी लागण्याचा त्यात उल्लेख नाही.

दिवसात म्हणजे नेमकं कसं, याचंही उत्तर समर्थांनी दिलंय. अकराव्या दशकाचा तिसरा समास वाचा. पहाटे उठावं, काही पाठांतर करावं, जमेल तसं भगवंताचं स्मरण करावं. शौच, स्नान, पूजा. थोडा फलाहार करावा आणि मग संसारधंद्याला लागावं, गोड बोलून लोकांना राजी राखावं. ज्याचा जो व्यवसाय असेल त्यात त्यानं सावध असावं, लक्ष ठिकाणावर नसेल तर पोरसुद्धा फसवून जातं. चुकणं, ठकणं, विसरणं आणि आठवल्यावर चरफडणं, हे सगळं दुश्चितपणाचं रोख फळ. जेवण झाल्यावर काही वाचावं, चर्चा करावी, एकांतात ग्रंथांचं मनन करावं. ही दिनचर्या पोटापाण्याच्या मागे असलेल्या माणसासाठी लिहिलेली आहे. कामात मन जागेवर ठेवणं हा साधनेचाच भाग आहे, हे त्यात जितकं स्वच्छ आलंय तितकं मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय.

यावर कुणीतरी म्हणतंच, ‘‘पण समर्थ स्वतः तर बोहल्यावरून निघून गेले!’’ गेले, अशीच परंपरा आहे. पण स्वतः संसार न मांडलेल्या या माणसानं सर्वसामान्यांना आपला रस्ता सांगितला नाही, त्यांना प्रपंच नेटका करायला सांगितलं, हे महत्त्वाचं. आश्रमव्यवस्थेचा दाखला देणाऱ्यांनी गीतेचा पाचवा अध्याय काढावा. कर्मसंन्यास आणि कर्मयोग दोन्ही कल्याणकारक, पण त्यातही कर्मयोग श्रेष्ठ, असं तिथं दुसऱ्याच श्लोकात आहे.

आता संतांचे व्यवसाय आणि वयं आठवा. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. सावतोबांनी अरणच्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठाई पाहिली. तुकोबा वाणी, दुष्काळात होरपळलेले, घर, दुकान आणि देणीघेणी सगळं वाट्याला आलेले. 1608 चा जन्म, 1650 मध्ये प्रयाण, म्हणजे बेचाळीस वर्षं. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये समाधी घेतली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. निवृत्तीची वाट पाहायची म्हटली असती तर ना ज्ञानेश्वरी झाली असती, ना गाथा.

एकनाथांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिचा अर्धाच भाग सांगितला जातो. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. म्हणजे लष्कर, वसुली, कागदपत्रं सगळं सांभाळणारा अधिकारी. नाथ त्यांच्याकडे हिशेब पाहत. एका रात्री एका पैची चूक सापडेना. समईतलं तेल पुन्हा पुन्हा घालत, कीर्द वरून खाली आणि खालून वर तपासत नाथ बसून राहिले. पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी हा आनंद, तर संसाराची चूक सापडल्यावर केवढा होईल! कीर्तनकार इथं थांबतात. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. स्वामींनी कीर्द बंद करायला सांगितली नाही. त्या रात्री जे मन हिशेबावर खिळलं होतं, तेच त्यांना हवं होतं. स्वतः स्वामीही किल्लेदारी सांभाळूनच साधना करत होते. नाथांनी पुढे पैठणला संसार केला, आणि 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तीही संसारात राहूनच.

‘‘तो काळ वेगळा होता,’’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. मग अलीकडचं पाहू. मुंबईत खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज विड्यांचे दुकानदार होते. 1933 मध्ये त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. गुरूंच्या निधनानंतर 1937 मध्ये ते घर सोडून निघाले, आणि काही महिन्यांनी परत आले. त्यांनी पुन्हा दुकान सांभाळलं, घर सांभाळलं. माळ्यावरच्या छोट्या खोलीत ते मराठीतून बोलत आणि देशोदेशीची माणसं ऐकायला येत. 1973 मध्ये त्या संवादांचं इंग्रजी पुस्तक निघालं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यनेला जाणाऱ्यांपैकी अनेकांना हे माहीत नसतं की सत्यनारायण गोयंका यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते. सरकारी कचेरीत बसणाऱ्या या माणसानं कचेरीतल्याच लोकांना ध्यान शिकवलं. गोयंका स्वतः व्यापारी, कुटुंबवत्सल.

पुढे ढकलण्याचा खरा तोटा वेगळाच आहे. मन म्हणजे सवयींची बेरीज. चाळीस वर्षं रोज उठल्याउठल्या चिडायची, तुलना करायची, फोन चाळायची सवय लावली, तर एकसष्टाव्या वर्षी हातात माळ आली तरी आत तेच चालू राहतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं, आवरत नाही. श्रीकृष्ण ती तक्रार खोडून काढत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, आणि त्यासाठी वर्षं लागतात. ती आपण निवृत्तीनंतरच्या खात्यात का ठेवावीत?

‘‘वेळच नाही’’ म्हणणाऱ्यांना मी हसत नाही. लोकलचे दोन तास, शिफ्ट, आजारी आईवडील, हे खरं आहे. पण प्राधान्य म्हणजे जास्त वेळ नव्हे, आधीचा वेळ. उरलेल्या वेळात करू म्हटलं की काही उरत नाही. उठल्यावर पंधरा मिनिटं, फोन हातात घेण्याआधी, ठरलेल्या जागी नामस्मरण, हरिपाठ किंवा श्वासाकडे लक्ष. दिवसभरात कामाचं एकच टोक पकडावं: स्वयंपाक, गिऱ्हाईक, वर्ग, काहीही, आणि तिथं पूर्ण लक्ष द्यावं. रात्री झोपण्यापूर्वी आज कुणाला विनाकारण दुखावलं का, हे प्रामाणिकपणे पाहावं. एवढं रोज झालं तर ती साधनाच आहे.

‘‘एकवीस दिवस करा, सवय लागते’’ हेही खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. त्यातच असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशी मन पळालं म्हणून ‘‘आपल्याला जमत नाही’’ असं म्हणून सोडून देऊ नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

ध्यानात विचार थांबलेच पाहिजेत? नाही. भटकलेल्या मनाला परत आणणं हेच ध्यानाचं काम आहे, आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात तेच सांगितलंय.

प्रकाश दिसला, अंगात कंप सुटला म्हणजे जागृती झाली? पतंजलींच्या योगसूत्रांत तिसऱ्या पादात सिद्धी या समाधीच्या मार्गातल्या अडचणी म्हटल्या आहेत. आणि वारकरी परंपरेतली गोरोबांची कथा आठवा. देवाशी बोलणाऱ्या नामदेवांच्या डोक्यावर त्यांनी थापटी मारली, आणि नामदेव रागावले तेव्हा हे मडकं अजून कच्चं आहे, असं सांगितलं. कसोटी अनुभवाची नव्हती, रागाची होती.

हजारोंची शिबिरं हवीत? धम्मगिरीचा दहा दिवसांचा वर्ग विनाशुल्क असतो, आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर चालतो. ज्ञानेश्वरी आणि दासबोध गावच्या वाचनालयातही मिळतात.

साधना केली की औषधं बंद करावीत? कधीच नाही, आणि यावर मी अजिबात तडजोड करत नाही. 2014 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. ध्यानानं चिंता आणि नैराश्याची लक्षणं काहीशी कमी होतात, पण औषधं, व्यायाम यांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा नाही, असं त्यात म्हटलंय. झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल तर डॉक्टरांकडेच जायचं. नाम सोबत चालू राहू द्यावं, गोळी बंद करू नये.

शेवटचा गैरसमज कुणी मोठ्यानं बोलत नाही. साधना म्हणजे घरातल्या पुरुषाची दोन तासांची पूजा, आणि त्याच्यासाठी सोवळ्यातला स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करायचा. जनाबाईंनी दळताना, कांडताना अभंग रचले, हे खरं. पण त्या दासी होत्या, त्यांना निवड नव्हती, म्हणून त्याचा दाखला देऊन आजच्या बाईवर काम लादू नये. सतराव्या शतकातल्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, हे त्यांनीच आपल्या अभंगात लिहून ठेवलंय. तुमची पंधरा मिनिटं ठरली असतील तर बायकोची, सुनेची, आईचीही ठरवा, आणि त्या वेळात गॅसवरचं दूध तुम्ही पाहा.